बेचाळिसांपैकी एकेचाळीस

२ फेब्रुवारी, सोमवार

आज मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, स्टाफरूममध्ये जाहीर केलं की दहावीच्या मुलांनी पुढे कुठली शाखा घ्यावी हे यंदापासून शास्त्रीय चाचण्या घेऊन सुचवायचं. आणि हे काम माझ्याकडे. समुपदेशनाचं तीन दिवसांचं ट्रेनिंग घेतलेला शाळेत मी एकटाच. (दुसऱ्या दिवशी मला ताप होता आणि तिसऱ्या दिवशी नुसतंच सर्टिफिकेट वाटप होतं. पण पहिला दिवस फार सखोल झाला.) एकोणीस वर्षं भूगोल शिकवल्यावर कुणीतरी माझ्यातला मानसशास्त्रज्ञ ओळखला म्हणायचा.

संकल्प: पूर्ण निःपक्षपातीपणा. रोज पंधरा मिनिटं मॅन्युअलचं वाचन. मुलांसमोर कमी बोलणं, जास्त ऐकणं.

४ फेब्रुवारी, बुधवार

समुपदेशन कक्ष मिळाला. जिन्याखालची खोली. आत जुने नकाशे, दोन खुर्च्या (एक लंगडी), आणि डोक्यावरून मधल्या सुट्टीत सहाशे पोरांचे पाय. मन मोकळं करायला एकांत हवाच.

हेडक्लार्कने विनाकारण आठवण करून दिली की पुढच्या वर्षी वरच्या वर्गात भूगोल घेणारी मुलं पंधराच्या खाली गेली तर तुकडी बंद, आणि मी पाचवी-सहावीवर. गेल्या वर्षी कशीबशी सोळा होती. हे इथे निव्वळ नोंद म्हणून लिहितोय. याचा आणि चाचण्यांचा काडीचाही संबंध नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

चाचण्या आल्या. एक कल चाचणी: डोकं कशात चालतं ते कळतं. दुसरी आवड चाचणी: मन कशात रमतं ते कळतं. आवडीच्या पुस्तिकेत एकशेवीस जोड्या आहेत, प्रत्येक जोडीतलं एक निवडायचं. उत्तरं वेगळ्या कागदावर लिहायची, मग त्यावर भोकं पाडलेला पुठ्ठा ठेवायचा आणि भोकांतून दिसणाऱ्या खुणा मोजायच्या. इतकी सुंदर पद्धत मी आयुष्यात पाहिली नाही.

पुस्तिका एकच आली. तिच्यावर ‘प्रती काढू नयेत’ असं ठळक छापलंय, पण ते बाहेरच्यांसाठी असणार. बेचाळीस झेरॉक्स काढायच्या. हेडक्लार्कने नाक मुरडलं.

७ फेब्रुवारी, शनिवार

परीक्षकाने चाचणी आतून अनुभवली पाहिजे, असं माझं मत झालं. दुपारी कक्षात बसून आवड चाचणी स्वतः सोडवली. ‘पुस्तिकेवर लिहू नये’ अशी सूचना आहे म्हणून पेन्सिलीने टिक केल्या. पेन्सिल म्हणजे लिहिणं नव्हे. काय बहार आली! घड्याळ दुरुस्त करणे की नदीकाठाने चालणे? नदीकाठ. हिशेब तपासणे की मातीचे नमुने गोळा करणे? माती. प्रश्न ८८ ला मात्र अडलो: डोंगर चढणे की नकाशा वाचणे? हा काय प्रश्न झाला? आईवर प्रेम करता की बाबांवर, असं विचारण्यासारखं आहे. दोन्हींवर टिक केली.

माझा निकाल काढला नाही. मी मला पुरता ओळखून आहे.

कल चाचणीही घेणार होतो. तिसऱ्या प्रश्नात उलगडलेल्या कागदाची पेटी कशी होईल ते विचारलंय. वेळेअभावी सोडून दिली.

उद्या: टिक खोडणे.

९ फेब्रुवारी, सोमवार

रबर सापडला नाही. पण टिक इतक्या फिकट आहेत की झेरॉक्समध्ये यायच्या नाहीत. मशिनपाशी स्वतः थांबणार होतो, पण दारावरच्या पाटीवर रंगारी ‘समुपदेशक’ लिहीत होता आणि त्याच्या हातून अक्षर चुकलं असतं तर कायमची शोभा झाली असती. पाटी छान झाली. चार वेळा दाराबाहेर जाऊन पाहिली.

शाखेचे फॉर्म आज वाटले. शेवटची तारीख ११ मार्च.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आमची कन्या याच वर्गात आहे. सकाळी चहाच्या वेळी फॉर्म घेऊन आली आणि म्हणाली की तिला तंत्र शाखा घ्यायची आहे, यंत्रांची. मी शांतपणे सांगितलं की बाप म्हणून मी यात पडणार नाही, शाळेत समुपदेशक नेमलाय, त्याला भेट.

तिला खरं तर भूगोलच आवडतो. लहानपणी माझ्या मांडीवर बसून ॲटलास बघायची. (नंतर त्याची शिवण उसवून पानं कशी बांधलीयत ते बघितलं, तो भाग वेगळा.) घरातला मिक्सर, पंख्याचं रेग्युलेटर, माझा रेडिओ, सगळं तिने खोललेलं आहे. परत चालू होतं हे मान्य, पण हा नाद वयाचा आहे.

११ फेब्रुवारी, बुधवार

कन्या रीतसर वेळ घेऊन कक्षात आली. लंगड्या खुर्चीवर बसली, उठली, खुर्ची उलटी केली, कंपासपेटीतल्या स्क्रू-ड्रायव्हरने काहीतरी पिळलं आणि पुन्हा बसली. खुर्ची डुगडुगायची थांबली. मग म्हणाली, तंत्र शाखा. मी समजावलं की चाचण्यांआधी समुपदेशक मत देत नाही, आणि फॉर्मवर सही लागते ती पालकांची, तेव्हा घरी बाबांना विचार.

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग फॉर्म घडी करून खिशात घातला. दोन्ही भूमिका मी किती काटेकोरपणे वेगळ्या ठेवल्या, याचा मलाच अभिमान वाटला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

कल चाचणी झाली. मुलं रडकुंडीला आली. पेट्यांच्या प्रश्नांवर अर्ध्या वर्गाने हात टेकले. कन्या वेळेआधी संपवून खिडकीची बिजागरी न्याहाळत होती. अवघड आहे.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आवड चाचणी. वेळ चाळीस मिनिटं, पण एकेचाळीस मुलांनी अकरा मिनिटांत पेपर दिले! आजची पिढी किती ठाम विचारांची आहे. फक्त कन्या पुरी चाळीस मिनिटं बसून राहिली. घरचीच पोर अशी निघाली की वाईट वाटतंच.

सुरुवातीलाच वर्गातला शंकासुर (तो तास सुरू व्हायच्या आत तीन शंका विचारतो) उभा राहिला आणि पुस्तिकेतल्या खुणांबद्दल काही विचारू लागला. मॅन्युअलच्या पान सहावर स्पष्ट आहे की चाचणी सुरू झाल्यावर कुठल्याही प्रश्नाचं उत्तर देऊ नये. मी ओठांवर बोट ठेवलं. पुन्हा उठला, पुन्हा बोट. तिसऱ्यांदा उठला नाही. मॅन्युअल लिहिणारा माणूस खरंच द्रष्टा असला पाहिजे.

संध्याकाळी घरी कन्या म्हणाली, बाबा, त्या पुस्तिकेबद्दल तुम्हाला एक सांगायचंय. मी तिथेच थांबवलं. परीक्षार्थीने परीक्षकाशी जेवणाच्या टेबलावर चाचणीची चर्चा करणं हा नीतीचा भंग आहे. ही, म्हणजे कन्येची आई, म्हणाली की ऐकून तर घ्या. मी ताटातच लक्ष ठेवलं. तत्त्वाला जागायचं तर घरच्यांचा रोष पत्करावा लागतोच.

२१ फेब्रुवारी, शनिवार

पुठ्ठा ठेवून तपासणी सुरू. पहिला पेपर: ‘निसर्ग, माती व मोकळ्या हवेतील काम’ सर्वांत वर. दुसरा: तोच क्रम. तिसरा: तोच. अंगावर काटा आला.

२२ फेब्रुवारी, रविवार

एकेचाळीस पेपर. एकेचाळीस मुलांची आवड एकच! पाच गुण इकडे-तिकडे नाहीत, एकही गुण इकडे-तिकडे नाही. नद्या, माती, डोंगर, नकाशे. याला साध्या मराठीत काय म्हणतात? भूगोल!

मला माहीत होतं. एकोणीस वर्षं मी जे पेरत होतो ते आतल्या आत रुजत होतं. वर्गात जांभया द्यायचे ते निव्वळ लाजेने.

एक किरकोळ बाब: प्रश्न ८८ ला सगळ्यांनी दोन्ही पर्यायांवर टिक केलीय. प्रश्न सदोष आहे. प्रकाशकांना कडक पत्र लिहिणे.

२३ फेब्रुवारी, सोमवार

बेचाळिसावा पेपर आमच्या कन्येचा. ‘यंत्रे व जुळणी’ सर्वांत वर, माती तळाशी. ८८ ला फक्त नकाशा. सगळा वर्ग एकीकडे आणि ही दुसरीकडे! शास्त्रात अशा नमुन्याला अपवाद म्हणतात आणि बाजूला काढतात. बाजूला काढला.

कल चाचणीचे निकाल मात्र चाळीस प्रकारचे निघाले, कुणाचं आकड्यांत डोकं तर कुणाचं शब्दांत. आवडीशी कशाचाच मेळ नाही. सखोल विचारांती ठरवलं की कल चाचणी विश्वासार्ह नाही. कन्येला पेट्यांच्या भागात वर्गात पहिला नंबर मिळालाय, यावरूनच काय ते समजावं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

हिला आनंदाने सगळं सांगितलं. ही पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. चहा ढवळत म्हणाली की आमच्याकडे एकेचाळीस जणांचे रिपोर्ट हुबेहूब एक आले तर आम्ही पेशंटांना फोन करत नाही, आधी मशीन बघतो. मी म्हटलं की माणसाचं मन आणि लघवी यांत फरक असतो. त्यावर ती म्हणाली, असतो ना, लघवीत कुणाची नक्कल करता येत नाही.

हिला संशोधनाची दृष्टीच नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

मोठ्या बाईंना अहवाल दिला: ‘एका संपूर्ण वर्गाची भूगोलाभिमुखता: एक अभूतपूर्व निष्कर्ष.’ त्यांनी पहिलं पान वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि विचारलं की पालकांना हे तुम्ही सांगणार ना? मी म्हटलं, अर्थात. माझी पाठ थोपटायचं त्या विसरल्या.

परिषदेत वाचायचा शोधनिबंध सुरू केला. शीर्षक झालं. नवीन कोट शिवावा का?

२ मार्च, सोमवार

कन्येने पुन्हा विचारलं. मी नकाशे गुंडाळत होतो, ती कक्षाच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, बाबा, मी तंत्र शाखा घेतली तर तुम्हाला चालेल का? मी सांगितलं की आकडेवारी तिच्या बाजूने नाही, फेरचाचणी घ्यावी लागेल, ११ तारखेपर्यंत बघू. शिवाय (हे तिला नाही सांगितलं) समुपदेशकाचीच मुलगी भूगोल सोडून गेली तर बाकी एकेचाळीस काय म्हणतील? आणि पंधरात एक कमी म्हणजे एक कमीच.

बरं म्हणाली आणि गेली. जाताना पाटीचा सैल झालेला खिळा अंगठ्याने दाबून गेली. मला क्षणभर कसंतरीच झालं. उन्हामुळे असेल.

५ मार्च, गुरुवार

आलेख तयार. कार्डशीटवर एकेचाळीस मुलांच्या एकेचाळीस रेषा काढल्या. सगळ्या एकमेकींवर बसून एकच जाड रेषा दिसते. कन्येची रेषा काढली नाही, चित्र बिघडत होतं. शनिवारी पालकसभा. भाषण पाठ केलंय. टाळ्यांसाठी दोन जागा सोडल्यात.

७ मार्च, शनिवार

पालकसभा झाली. उपस्थिती चांगली होती. लिहिण्यासारखं विशेष काही नाही.

८ मार्च, रविवार

लिहितो. कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो.

हॉल भरलेला, मुलंही आईबापांबरोबर आलेली. आलेख टांगला. भाषणाच्या पहिल्या टाळीच्या जागेवर शांतता. मग पहिल्या रांगेतले दातांचे डॉक्टर उठले. म्हणाले, माझा मुलगा घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता चुकतो, त्याला नकाशे आवडतात हे आम्हाला नवीनच आहे. हशा झाला. मी संयमाने म्हणालो की आईबापांना बरंच माहीत नसतं.

तेवढ्यात शंकासुर उठला. सभेत त्याच्यासाठी मॅन्युअल नव्हतं. म्हणाला, सर, त्या दिवशीची शंका राहिलीय. पुस्तिकेत तुम्ही बरोबर उत्तरांवर टिक करून दिल्या होत्या, त्या आम्ही सगळ्यांनी उतरवल्या. पण ८८ ला दोन्हीवर टिक होती, तर दोन्ही लिहिलेल्यांना पूर्ण मार्क आहेत ना?

मी म्हटलं, कुठल्या टिक? त्याने पुस्तिकेची एक प्रत पुढे केली. झेरॉक्स मशीन नवीन आहे. पेन्सिलीच्या टिक अशा काळ्याकुळकुळीत उठल्यात की मागच्या रांगेतूनही दिसाव्यात.

मी विचारलं की तुम्हाला यात काहीच वावगं वाटलं नाही? तो म्हणाला, वाटलं ना सर, म्हणून तर उभा राहिलो होतो. पण तुम्ही ओठांवर बोट ठेवलंत. आम्हाला वाटलं, तुम्ही गुपचूप मदत करताय, कुणाला सांगू नका म्हणताय.

मग जो हशा पिकला तो हॉलच्या बाहेर, जिन्यावर, रस्त्यापर्यंत गेला. दातांचे डॉक्टर डोळे पुसत म्हणाले की ही रेषा छान आहे, पण ही नक्की कुणाची? मोठ्या बाई पुन्हा चष्मा पुसत होत्या. कन्या मागे उभी होती. ती एकटी हसत नव्हती.

९ मार्च, सोमवार

मी पुरता तोंडघशी पडलोय असं लोकांना वाटतंय. तसं नाही. माझ्या हातून एक महत्त्वाचा प्रयोग अनवधानाने यशस्वी झालाय: मुलं छापील टिक पाहिली की विचार करत नाहीत. शोधनिबंधाचं शीर्षक बदलणे.

फेरचाचणी जाहीर केली. मूळ पुस्तिका रबराने खोडायला घेतली, ८८ पाशी कागद फाटला.

कन्येला विचारलं की तू एकटीने का नाही उतरवलं. म्हणाली, तुमची टिक मला ओळखू येते, तिची शेपटी शेवटी वर वळते. मला कळलं की हे तुम्हाला काय आवडतं त्याचं आहे. मग मी मला काय आवडतं ते लिहिलं.

मी म्हटलं, मग मला सांगायचंस. म्हणाली, सांगत होते.

१० मार्च, मंगळवार

फेरचाचणीला आलेली मुलं: दोन. पैकी एक हॉलमध्ये राहिलेला डबा न्यायला आला होता. शंकासुर बसला, पण पहिल्याच पानावर विचारलं की सर, यावेळी टिक कुठायत?

मोठ्या बाईंनी बोलावलं. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, कल चाचणीचे निकाल चांगले आहेत, ते मुलांना वाटून टाका, आणि बाकी मुलं आणि त्यांचे आईबाप बघतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दिवसभर कक्षात बसलो. कुणी आलं नाही. कन्येचा पेपर बाजूला काढलेला होता तो पुढ्यात घेतला आणि पहिल्यांदा नीट वाचला. एकशेवीस उत्तरं, कुठे खाडाखोड नाही. बेचाळीस पेपरांत मला खरा मिळालेला एकच, आणि मी तो खोक्यात टाकला होता. लाज वाटली. दुसरा शब्द शोधत होतो, नाही सापडला.

ठरलं. उद्या शेवटची तारीख. कन्येच्या फॉर्मवर तंत्र शाखेसाठी मी सही करणार. बाप म्हणूनही आणि समुपदेशक म्हणूनही. भूगोलाचं जे व्हायचं ते होईल. असा निर्णय फार थोड्या बापांनी घेतला असेल. संध्याकाळी घरी पेढा-बिढा काही न वाटता, शांतपणे, तिच्या हातात सही केलेला फॉर्म ठेवायचा. तिच्या डोळ्यांत पाणी येईल. माझ्या आलं तर हरकत नाही.

११ मार्च, बुधवार

सकाळी साडेदहा. ऑफिसात जाऊन हेडक्लार्ककडे कन्येसाठी कोरा फॉर्म मागितला. पेन नवं नेलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि फाइल काढली. म्हणाले, हा केव्हाच आलाय सर. पहिल्या पाचांत.

शाखा: तंत्र. पालकांची सही: हिची. तारीख: १३ फेब्रुवारी. म्हणजे कल चाचणीच्याही आधी. समुपदेशकाच्या सहीच्या चौकटीत हेडक्लार्कने शिक्का मारलाय: आवश्यक नाही. सगळ्याच फॉर्मांवर मारलाय. मी विचारलं, मग माझा अहवाल? तो त्यांच्याकडे आलाच नव्हता म्हणाले.

भूगोल: बारा. तीन कमी. पुढच्या वर्षी मी पाचवीवर.

दुपारी घरी गेलो. ही लॅबमधून आली नव्हती. कन्या टेबलावर काहीतरी खोलून बसली होती. मी विचारलं की महिन्यापूर्वीच फॉर्म दिला होतास, तर २ तारखेला मला विचारायला का आलीस? परवानगी तर मिळालीच होती.

ती मान वर न करता म्हणाली, परवानगी नव्हते मागत, बाबा. तुम्ही एकदा हो म्हणावं असं वाटत होतं.

मी हो म्हणालो. उशीर झालाय हे मलाही कळत होतं. तिने समोरचं यंत्र माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाली, ही बाजू जरा घट्ट धरा, हलवू नका. मी तासभर धरून बसलो. ते यंत्र कशाचं होतं ते विचारलं नाही.